डिझेल गाडीत पाणी: येतं कुठून, अडवायचं कुठे आणि काढायचं कसं

घाटवाट (धागाकर्ता)

पावसाळा तोंडावर आला की "डिझेल फिल्टरमध्ये पाणी साठल्याचा दिवा लागलाय, गाडी तशीच चालवू का?" हा प्रश्न इथे वारंवार येतो. उत्तरं वेगवेगळ्या धाग्यांत विखुरलेली आहेत, म्हणून सगळं एका जागी मांडतो. हा धागा मुख्यतः कॉमन रेल गाड्यांसाठी आहे (पंप एका सामायिक नळीत, म्हणजे रेलमध्ये, जास्त दाबाचं डिझेल भरतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरना जातं): पिकअप, जीप, एसयूव्ही, छोटा टेम्पो. ट्रॅक्टर आणि जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांची पद्धत वेगळी आहे. ती जाणकारांनी प्रतिसादात लिहावी.

पाण्याला एवढं का घाबरायचं ते आधी सांगतो. या गाड्यांच्या हाय प्रेशर पंपाला आणि इंजेक्टरला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) सहसा वेगळं वंगण नसतं, डिझेल हेच त्यांचं वंगण. आतले भाग एकमेकांत दोन-चार मायक्रॉनच्या फटीत सरकतात आणि रेलमधला दाब बहुतेक गाड्यांत १,६०० ते २,००० बारपर्यंत जातो. तिथे डिझेलऐवजी पाणी आलं की वंगणाचा पापुद्रा तुटतो आणि धातू धातूवर घासतो. गाडी दोन दिवस उभी राहिली तर तेच पाणी गंज धरवतं. गंजाचा एक कण इंजेक्टरच्या आतल्या सुईखाली अडकला की सुई पूर्ण बसत नाही आणि इंजेक्टर गळायला लागतो. पुढे पांढरा धूर, आयडलिंगला थरथर, सकाळी स्टार्टिंगला त्रास, ओढ कमी. तिथवर गोष्ट गेली की फिल्टर बदलून भागत नाही.

डिझेल पंपावर चांगलं मिळालं तरी त्यात थोडं पाणी असतंच. बीएस-६ (आपल्याकडचं प्रदूषण मानक) डिझेलमध्ये किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं. ५० लिटर डिझेल म्हणजे साधारण साडेएकेचाळीस किलो, म्हणजे नियमात बसणाऱ्या एका टाकीतसुद्धा ८ मिलिपर्यंत पाणी येऊ शकतं. लिटरला १४ किलोमीटर धरले तर २०,००० किलोमीटरला सुमारे १,४३० लिटर डिझेल लागतं आणि ते सगळं कमाल मर्यादेला टेकलेलं असेल तर पाव लिटरच्या आसपास पाणी होतं. यातलं बरंचसं विरघळलेल्या रूपात जातं आणि जळून निघतं. पण डिझेल थंड झालं की त्यातलं काही सुटं होऊन तळाला बसतं. गाडी चालताना इंजिनाकडून गरम डिझेल रिटर्न लाइनने टाकीत परत येत असतं, गरम डिझेल जास्त पाणी धरून ठेवतं आणि रात्री गार झालं की सोडतं. म्हणून पाणी काढायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे सकाळी, पहिला स्टार्टर मारायच्या आधी.

फिल्टरच्या तळाला पाणी साठायची वाटी असते. त्यात दोन टोकांचा सेन्सर असतो. डिझेलमधून वीज जात नाही, पाण्यातून जाते. पाणी दोन्ही टोकांपर्यंत चढलं की दिवा लागतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा वाटी भरत आलेली असते. दिव्याची वाट बघू नका. पावसाळ्यात दर महिन्याला आणि एरवी प्रत्येक ऑइल चेंजला वाटी सोडून, म्हणजे तिच्यातलं पाणी खाली काढून बघा.

पाणी काढायची पद्धत:

१. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, चावी काढलेली. रात्रभर उभी असेल तर उत्तम, नाहीतर किमान अर्धा तास.
२. फिल्टरच्या तळाच्या ड्रेन स्क्रूला ६-८ मिमीची पारदर्शक नळी जोडा आणि दुसरं टोक स्वच्छ, कोरड्या, पारदर्शक बाटलीत सोडा. नळी बसत नसेल तर बाटली थेट खाली धरा. खाली वायरिंग किंवा अल्टरनेटर असेल तर कापड ठेवा, डिझेल त्यावर पडू देऊ नका.
३. स्क्रू हाताने एक ते दोन आटे ढिला करा. पूर्ण काढू नका, बाहेर आला की वॉशर हरवतो आणि धार हातावर येते.
४. आधी पाणी, मग गढूळ, मग स्वच्छ डिझेल येतं. साधारण १०० ते २०० मिलि निघालं की पुरे.
५. स्क्रू हातानेच घट्ट करा. तो बहुतेक प्लास्टिकचा असतो, पान्याने पिळला की आटे जातात.
६. हँड प्रायमर (लाइनमध्ये डिझेल भरायचा हाताने दाबायचा पंप) असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ऑन करून पाच-दहा सेकंद थांबा, ऑफ करा, असं तीनदा. मग स्टार्ट करा आणि दोन मिनिटं स्क्रूखाली कोरडा कागद धरून गळती बघा.

बाटली झाकण लावून तासभर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर तो किती, हे मार्करने खूण करून तारखेसह लिहून ठेवा. एका महिन्यात १० मिलि आणि पुढच्या महिन्यात एकदम ८० मिलि निघालं तर मधल्या काळात पाणी शिरायला कुठेतरी वाट झालेली आहे. ही नोंद दिव्यापेक्षा जास्त बोलते.

कॉपरवॉशर

उत्तम धागा. मुद्दा ३ ला एक जोड. काही गाड्यांत स्क्रू ढिला करूनही थेंबसुद्धा पडत नाही आणि लोक समजतात की पाणी नाही. तसं नसतं. फिल्टर सक्शन बाजूला असेल, म्हणजे पुढचा पंप डिझेल ओढून घेत असेल, तर आत पोकळी (बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब) असते आणि ती डिझेलला धरून ठेवते. अशा वेळी फिल्टरच्या वरच्या भागावरचा (हेड) हवा काढायचा एअर स्क्रूही अर्धा आटा ढिला करावा लागतो, किंवा प्रायमर दोन-तीनदा दाबावा लागतो. मग धार येते. काम झाल्यावर एअर स्क्रू बंद करायला विसरू नका, नाहीतर शंभर मीटरवर गाडी बंद पडेल.

ओळखायची खूण: चावी ऑन केल्यावर मागून दोन-चार सेकंद घरघर ऐकू आली तर टाकीत पंप आहे आणि फिल्टर बहुधा दाबाच्या बाजूला आहे. फिल्टरवर किंवा लाइनमध्ये रबरी फुगा असेल तर सहसा सक्शन.

मुरूडकर_२

पाणी शिरतं कुठून यावर अजून लिहा ना. सगळे म्हणतात टाकी अर्धी ठेवली की हवेतलं बाष्प आत गार होऊन त्याचं पाणी साचतं. कोकणातल्या दमट हवेत टाकी कायम फुल ठेवायचीच का?

घाटवाट

टाकी भरलेली ठेवणं चांगलंच, पण हवेतल्या बाष्पावर लोक गरजेपेक्षा जास्त दोष टाकतात. आकडा मांडून बघू. ३० अंशाच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प असतं, २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम. ६० लिटरची टाकी अर्धी रिकामी असेल तर आत ३० लिटर हवा. ती ३० वरून २० अंशावर उतरली तर सुटणारं पाणी अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी, आणि तेही हवा पूर्ण दमट धरून. रोज चालणाऱ्या गाडीत हे किरकोळ आहे.

मात्र महिनोन् महिने उभी राहणारी गाडी, जनरेटर, पावसाळाभर बंद असलेला ट्रॅक्टर यांत रोजचं थोडं थोडं साचत जातं. तिथे टाकी काठोकाठ भरून ठेवणं खरोखर महत्त्वाचं.

रोजच्या गाडीत चमचा-वाटीने पाणी शिरतं ते टाकीच्या तोंडातून. फ्लॅप उघडून झाकणाभोवतीची खोलगट वाटी बघा. तिच्या तळाला बारीक भोक किंवा रबरी नळी असते, पावसाचं पाणी खाली सोडण्यासाठी. चिखल, पाचोळा आणि मुंग्यांच्या मातीने ती बुजते. मग पावसात झाकणाभोवती पाण्याचं तळं होतं, झाकणाचा वॉशर कडक झालेला असतो आणि रात्री टाकी गार होऊन आत किंचित पोकळी झाली की ते तळं वॉशरखालून आत ओढलं जातं. झाकण उघडताना आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज मोठा येत असेल तर ब्रीदरही (टाकीत हवा ये-जा करायची वाट) बुजलेला असण्याची शक्यता आहे, आणि पाणी ओढायला हीच स्थिती सगळ्यात घातक.

करायचं एवढंच: भोकातून गवत कापायच्या मशीनचा नायलॉन दोरा घालून ते मोकळं करा, तार घालू नका, नळी फाटते. मग मगभर पाणी ओतून ते खाली चाकामागे पडतंय का बघा, आणि हे करताना झाकण घट्ट लावलेलं असू दे. झाकणाचा वॉशर नखाने दाबा. दाबला जात नसेल, चिरा दिसत असतील तर झाकणच बदला. सगळ्या दुरुस्त्यांत सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच.

देशावरचा

याला पूर्ण अनुमोदन. आणि वॉशिंग सेंटरला सांगा की फ्लॅपवर आणि टाकीच्या वरच्या बाजूला प्रेशरची धार मारू नका. पिकअपला टाकी चासीला उघडी लटकते, ब्रीदरची नळी आणि सेंडिंग युनिटचा (डिझेलची पातळी काट्याला कळवणारा भाग) वॉशर वरच असतो. तिथे चिखलाचा थर बसतो आणि पावसात तो ओलाच राहतो. पाना हातात असेल तेव्हा फिलर नेकच्या (भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंतची वाट) रबरी पाइपला दोन्ही टोकांच्या क्लिपजवळ चिरा आहेत का, तेही बघा. चाकाने उडवलेलं पाणी तिथून आत जातं.

पंपावरचा_प्रश्न

पंपावर भेसळ किंवा पाणी कसं ओळखायचं? डेन्सिटी (घनता) मागितली तर दाखवतात. ती बघून पुरे का?

कॉपरवॉशर

डेन्सिटी मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे आणि रॉकेल वगैरे भेसळीसाठी ती उपयोगी आहे. नोंदवलेल्या आकड्यात आणि मोजलेल्यात १५ अंशाला आणून घनमीटरमागे ३ किलोपर्यंत फरक चालतो. पण पाण्यासाठी हिचा काही उपयोग नाही. डिझेल घनमीटरला ८३० किलो धरलं आणि त्यात अर्धा टक्का पाणी मिसळलं तरी घनता जेमतेम पाऊण ते एक किलोने वाढते, एक टक्क्याला पावणेदोन. मर्यादेच्या आतच. अर्धा टक्का म्हणजे ५० लिटरला पाव लिटर पाणी, एवढ्याने गाडीची वाट लागते. शिवाय सुटं पाणी खाली बसतं आणि नमुना वरच्या डिझेलचा घेतला जातो.

पाण्यासाठी पंपावर वेगळी तपासणी असते. डिप रॉडच्या टोकाला पाणी शोधणारी पेस्ट लावून रॉड जमिनीखालच्या टाकीत सोडतात. पाण्यात बुडालेल्या भागाचा रंग बदलतो. तुमच्याकडून एवढंच करा:

टँकर खाली होत असेल तर त्या पंपावर भरू नका. वरून पडणारी धार तळाचं पाणी आणि गाळ ढवळते आणि तो बसायला काही तास लागतात. मोठ्या पावसानंतर रस्त्यापेक्षा खाली असलेल्या, आवारात पाणी तुंबलेल्या पंपावर टाळा, कारण भूमिगत टाकीची झाकणं त्याच पाण्याखाली गेलेली असू शकतात. शंका असेल तर आधी लिटरभर डिझेल काचेच्या बरणीत घ्या. दहा मिनिटांत ते लख्ख आणि पारदर्शक दिसलं पाहिजे. बरणीमागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. धुरकट दिसलं तर बारीक थेंब तरंगत आहेत, ते भरू नका. तळाला थर आहे का नाही हे कळत नसेल तर खायच्या रंगाचं पाणी, एक थेंब, बरणीत सोडा. डिझेलमध्ये तो गोळीसारखा तळाला जातो. खाली पाणी असेल तर तिथे फुटून पसरतो आणि थर रंगीत दिसतो. पाणी नसेल तर गोळीच राहतो. ते तपासलेलं डिझेल टाकीत ओतू नका.

आणि बिल जपून ठेवा. पुढे काही झालं तर तेच आधाराला लागतं.

नानाची_पिकअप

घाटात चढावर दिवा लागतो, सपाटीला आलो की विझतो. सेन्सर खराब असेल का?

घाटवाट

असूही शकतो, पण आधी पाणी समजून चाला. फिल्टरची वाटी काठावर भरलेली असली की चढावर पाणी कलून टोकांना लागतं आणि सपाटीला खाली जातं. अशा वेळी दिवा खरंच बोलत असतो. लगेच वाटी सोडा.

टाकीतही असंच होतं. सक्शन पाइप (टाकीतून डिझेल ओढणारा) टाकीच्या तळापासून थोडा वर असतो. त्याच्या खाली पाण्याचा थर निवांत पडून राहतो आणि सपाट रस्त्यावर महिनोन् महिने कळत नाही. चढावर किंवा वळणावर ते पाणी एका कोपऱ्यात गोळा होऊन पाइपच्या तोंडाशी येतं. म्हणून पाणी असलेली गाडी आंबा, कुंभार्ली, वरंध अशा घाटांत आधी त्रास देते. रिझर्व्हवर गाडी पळवणाऱ्यांनाही हेच भोगावं लागतं, वरचं डिझेल संपत आलं की पाइपला तळाचंच मिळतं. पावसाळ्यात टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नका.

वाटी सोडल्यावर स्वच्छ डिझेल आलं आणि दिवा तरीही लागला तरच सेन्सरकडे वळा. कनेक्टर काढा, आत हिरवट गंज किंवा ओल असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कोरडा करा. आणि चावी ऑन केल्यावर सुरुवातीला दिवा दोन-तीन सेकंद लागून विझतो ना, ते बघून ठेवा. लागतच नसेल तर इशारा देणारी व्यवस्थाच बंद आहे, आणि ते जास्त धोक्याचं.

जयसिंगपूर

पुरात गाडी गेली तर काय, हे लिहा कुणीतरी. आमच्याकडे २०१९ ला आणि २०२१ ला गाड्या दिवस-दिवस पाण्यात होत्या.

कॉपरवॉशर

हो, हे सविस्तर लिहायलाच हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाड, दोन्हीकडे हा प्रश्न हजारो घरांचा होता.

पहिली गोष्ट: चावी ऑन करू नका. "बघू तरी चालू होते का" या एका फिरवणीत सगळ्यात जास्त नुकसान होतं. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर तो चावी ऑन केल्याबरोबर फिरतो आणि टाकीतलं पाणी फिल्टरमार्गे पुढे ढकलतो. इंजिन फिरलं तर ते हाय प्रेशर पंपात जातं. शिवाय एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तो वेगळा विषय, पण कारण तेच: फिरवू नका.

पाणी ओसरल्यावर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून ओढा. गिअरमध्ये ढकलत नेऊ नका, इंजिन फिरेल.

मग टाकी. ड्रेन प्लग असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून प्लग ढिला करा आणि पाणी संपून डिझेल येईपर्यंत सोडा. प्लग नसेल तर टाकी उतरवा. वरून पाइप घालून ओढून काढलं की कोपऱ्यातलं पाणी आणि गाळ तसाच राहतो, आणि पुराच्या पाण्यातला गाळ मेणासारखा चिकट असतो. टाकी उतरवली की आतल्या पंपाची जाळी काढा, टाकी स्वच्छ डिझेलने दोनदा खळखळून धुवा, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. कॉटन वेस्ट नको, तिचे धागे जाळीत अडकतात. कोरडी, तेल नसलेली हवा मारून सुकवा. ब्रीदर आणि फिलर नेकची नळी वेगळी करून फुंकून घ्या.

लाइन दोन्ही बाजूंनी सोडून हवेने साफ, फिल्टर नवीन. नवीन फिल्टर बसवताना तो कॅनमधल्या डिझेलने वरून भरून बसवायची सवय कॉमन रेलला चालत नाही. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल फिल्टरच्या स्वच्छ बाजूला पडतं, म्हणजे न गाळलेलं डिझेल थेट पंपाला. ओ-रिंगला डिझेलचं बोट लावा, फिल्टर कोराच बसवा आणि प्रायमरने भरा. जुन्या फिल्टरचा सेन्सर नव्यावर बसवताना सेन्सरची ओ-रिंगही नवीन घाला.

हाय प्रेशर लाइनमध्ये पाणी गेल्याची शंका असेल तर पुढे घरी हात घालू नका, ज्यांच्याकडे टेस्ट बेंच (पंप-इंजेक्टर तपासायचं यंत्र) आहे त्यांच्याकडे पंप-इंजेक्टर न्या. आणि जितके दिवस उशीर तितका गंज. पुराच्या घाईतही पहिल्या आठवड्यात टाकी आणि फिल्टर कोरडे झाले तर बाकीचं वाचायची शक्यता खूप वाढते.

ट्रॅक्टर_५५

ट्रॅक्टरचं मी लिहितो. बहुतेक ट्रॅक्टरांना दोन फिल्टर असतात आणि त्याआधी काचेची किंवा पारदर्शक वाटी, सेडिमेंटर. काच म्हणजे सगळ्यात चांगला सेन्सर, रोज सकाळी बघितली तर दिव्याची गरजच नाही. तळाला थर दिसला की वाटीचा प्लग सोडा. वाटी काढून पुसायची तर वरचा जुना वॉशर पुन्हा बसवू नका, हवा ओढतो.

लाइनमधली हवा (एअर) काढायचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे: पहिल्या फिल्टरचा एअर स्क्रू ढिला, हँड प्रायमर मारत राहा, फेसाचं डिझेल जाऊन सलग धार आली की प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू घट्ट. मग दुसरा फिल्टर. मग पंपाचा स्क्रू. तरीही चालू झाला नाही तर नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) दोन नळ्यांचे नट एक आटा ढिले करून स्टार्टर मारा, डिझेल ठिबकायला लागलं की घट्ट करा.

घाटवाट

शेवटच्या ओळीबद्दल ठळकपणे लिहितो. नोझलचे नट ढिले करणं फक्त यांत्रिक पंपाला. कॉमन रेलवर कधीही नाही. ट्रॅक्टरच्या जुन्या नोझलचा दाब साधारण दोनशे बारच्या आसपास असतो, तिथेही हात लांबच ठेवायचा. कॉमन रेलची धार डोळ्याला दिसत नाही आणि कातडीत सुईसारखी घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, वेदना सुरुवातीला कमी असते, आणि आत डिझेल पसरून बोट गमवायची वेळ येते. असं झालं तर वाट न बघता हॉस्पिटल, आणि "जास्त दाबाचं डिझेल आत गेलंय" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

वैजापूर_शेती

शेतावर २०० लिटरचा लोखंडी ड्रम असतो. तो झाकण घट्ट लावून उघड्यावर उभा ठेवला तर पाणी कसं शिरेल?

ट्रॅक्टर_५५

ड्रम श्वास घेतो. उभ्या ड्रमच्या वरच्या कड्याच्या आत पावसाचं पाणी साठतं आणि बूच त्या पाण्यात बुडतं. दुपारी ड्रम तापला की आतली हवा फुगून बुचातून बाहेर जाते. संध्याकाळी एक सर आली, पत्रा गार झाला की आत पोकळी होते आणि बुचाच्या आट्यांतून वरचं पाणी आत ओढलं जातं. बूच कितीही घट्ट वाटू दे. रोज थोडं थोडं करत पावसाळ्यात ते लिटरवर जातं.

शेडमध्ये ठेवा. शेड नसेल तर आडवा ठेवा, दोन्ही बुचं घड्याळात तीन आणि नऊ वाजतात त्या रेषेत, म्हणजे बुचांना आतून डिझेल लागलेलं राहतं आणि हवा ओढायला जागा नसते. उभाच ठेवायचा तर एका बाजूखाली लाकूड घालून कलता करा आणि बुचं पाणी साठणार नाही त्या वरच्या बाजूला येतील असा फिरवा. हँडपंपाचा पाइप तळापासून चार इंच वर ठेवा. खालचे चार इंच कधीच ट्रॅक्टरला घालायचे नाहीत. ड्रम हलवला की निदान एक रात्र बसू द्या.

आणि कॅन. डिझेलच्या कॅनमध्ये कधीही पाणी भरायचं नाही, "नंतर वाळवू" म्हणूनसुद्धा नाही. नरसाळं टोपणाखाली उलटं टांगा. उघड्यावर पडलेल्या नरसाळ्यात रात्रीचं दव असतं आणि सकाळी पहिल्यांदा तेच टाकीत जातं.

मुरूडकर_२

बाजारात "पाणी नाहीसं करणारं" लिक्विड मिळतं, ते घालावं का? काही जण स्पिरिट घाला म्हणतात.

कॉपरवॉशर

स्पिरिट, थिनर, पेट्रोल, रॉकेल यातलं काहीही नाही. डिझेलचं वंगण कमी होतं. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमवर आणलंय, आणि गंधक काढायच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणगुण जातो, तो मिश्रणं घालून परत आणतात. त्यावर तुम्ही स्पिरिट ओतायचं नाही.

लिक्विडचे दोन प्रकार. एक पाण्याचे थेंब बारीक करून डिझेलमध्ये पसरवतं, म्हणजे पाणी फिल्टर ओलांडून इंजेक्टरपर्यंत जातं. यांत्रिक पंपाला हे कदाचित चाललं असतं, कॉमन रेलला नको. दुसरं थेंबांना एकत्र करून तळाला पाडतं, म्हणजे वाटीत पकडता येतं. घ्यायचंच तर दुसऱ्या प्रकारचं, आणि घातल्यावर वाटी दोन-तीनदा सोडायची. पण टाकीत कपभर पाणी असेल तर बाटलीने काही होत नाही, पाणी बाहेरच काढावं लागतं.

फिल्टर काढल्यावर आत काळा, शेवाळासारखा चिकट थर दिसला तर ती डिझेलची बुरशी. ती डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवरच वाढते, पाणी नसेल तर जगत नाही. जंतुनाशक घातलं तर ती मरते, पण मेलेला थर सुटून फिल्टर चोंदतो. म्हणून आधी टाकी साफ, मग औषध लेबलवरच्या मात्रेत, आणि दोन फिल्टर जादा हाताशी.

हरिहरेश्वर_बोट

बोटींबद्दल थोडक्यात. मासेमारीच्या बोटीत टाकी कायम हेलकावे खाते, त्यामुळे तळाचं पाणी बसायला उसंतच मिळत नाही. म्हणून दोन सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारे फिल्टर) शेजारी-शेजारी आणि मध्ये तीन वाटांचा व्हॉल्व्ह, एक चोंदला की इंजिन बंद न करता दुसऱ्यावर. डेकवरचं भरायचं तोंड डेकच्या पातळीपेक्षा वर उचललेलं हवं, आणि ब्रीदरचं तोंड हंसाच्या मानेसारखं खाली वळवलेलं. खारं पाणी गोड्यापेक्षा फार लवकर गंज धरवतं, त्यामुळे इथे सेपरेटर रोज सोडायचा.

ट्रक_लाइन

बीएस-६ मध्ये एक नवीन धोका आलाय, तो राहिला. युरिया, म्हणजे डेफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण). त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी सगळं पाणीच. डेफच्या पंपाचं नोझल बारीक असल्यामुळे ते डिझेलच्या तोंडात सहज शिरतं, आणि कॅनने भरताना तर अडवायला काहीच नाही. निळं झाकण डेफचं, हे गाडीवर नवीन आलेल्या प्रत्येकाला हात लावून दाखवा.

चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावी ऑन करू नका, पुराच्या गाडीसारखंच वागा. डेफ डिझेलपेक्षा जड आहे, तळाला बसतं आणि सुकलं की पांढरे खडे होतात. ते खडे डिझेलमध्ये विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. त्यामुळे टाकी उतरवून आधी कोमट पाण्याने धुवावी लागते, मग पूर्ण सुकवून, मग स्वच्छ डिझेलने. इंजिन चालू करून झालं असेल तर कंपन्या पंप, रेल, इंजेक्टर सगळं बदलायला सांगतात.

घाटवाट

हे फार महत्त्वाचं, आभार.

बाटलीत निघालेलं पाणी आणि गढूळ डिझेल यांचं काय, असं व्यक्तिगत निरोपात (व्यनि) दोघांनी विचारलंय. गटारात, शेताच्या कडेला, विहिरीच्या आसपास नाही. झाकणाच्या जुन्या कॅनमध्ये साठवा आणि गॅरेजमध्ये वापरलेलं ऑइल घेऊन जाणारा येतो, त्याला द्या. पार्ट धुवायलासुद्धा ते वापरू नका, त्यातलं पाणी धुतलेल्या पार्टवर गंज धरवतं.

ड्रेन स्क्रूचा वॉशर बहुतेक फिल्टरांबरोबर नवीन मिळतो. तो डब्यातच राहून जातो आणि डबा फेकला जातो. फिल्टर घेताना डबा काउंटरवरच उघडून वॉशर आणि ओ-रिंग आहेत का बघा.

नानाची_पिकअप

वाटी सोडली. जवळजवळ १५० मिलि पाणी निघालं, तळाला तांबूस. चढावर आता दिवा लागत नाही. फ्लॅपमधलं भोक चिखलाने बंदच होतं.

घाटवाट

तांबूस म्हणजे गंज आहे, त्यामुळे हा फिल्टर बदलाच आणि जुना कापून बघा. हॅक्सॉने नको, त्याचा भुगा आत पडून काही कळत नाही, पत्रा कापायच्या कात्रीने कापा. कागदाच्या घडीत लाल माती दिसली तर टाकी उतरवावी लागेल. कागद फक्त काळपट असेल तर पुढचा महिनाभर दर रविवारी सकाळी वाटी सोडा आणि किती मिलि निघालं ते इथे टाका.